शेवंतीच्या ठाणावरचे पंखे

"घोडी बरी, निदान फुरफुरते तरी. ही तेवढंही करत नाही गं!"

सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. 'ही' म्हणजे मी. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि मी पलीकडच्या खोलीत गवार निवडत होते.

कमी बोलण्याचा एक फायदा असतो. बोलणाऱ्यांचे किस्से बोलता बोलता खर्च होतात, आपल्याकडे मात्र साठत जातात. त्यातून घरात माणसं चार आणि घोडेही चार असले, की पोत्यानं साठतात!

माझं माहेर सदाशिव पेठेतलं. तिथे मी पाहिलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे घरमालकांचा बोका. सासर वाघोलीचं, आणि घरामागे घोडेस्वारीचा क्लास. त्यातली शेवंती ही म्हातारी घोडी. आसपासची निम्मी पोरं तिच्याच पाठीवर शिकली. या उन्हाळ्यात तिला घाम यायचाच बंद झाला. घोड्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घामानं अंग निवतं. हिला आता बाहेरून निववा, नाहीतर हा मे काही खरा नाही."

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

* * *

दुसऱ्या दिवशी बाबा मिस्टचे फॅन आणायला गेले. लग्नाच्या लॉनवर पाण्याचे बारीक तुषार उडवतात, तेच. मी सोबत होते. पेठेतलं दुकान, दुकानदार पेपर वाचत बसलेला.

"घोड्यांसाठी हवेत," बाबा म्हणाले. "पण आधी ट्रायल घेता येईल का?"

दुकानदारानं पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"घोडा आणलाय का?"

* * *

फॅन लागले. तुषार उडाले. बाबा तासभर बघत उभे राहिले आणि मग अस्वस्थ झाले. "अरे, सगळा थंडावा बाहेर चाललाय! फुकट!"

लगेच तबेल्याला चहूबाजूंनी ताडपत्री. थोड्याच वेळात आत असं धुकं, की स्वतःचा हात दिसेना. बाबांच्या चष्म्यावर वाफ. ते चाचपडत शेवंतीच्या ठाणापाशी पोचले, ओल्या पाठीवर हात फिरवला आणि गहिवरून म्हणाले, "बाळा, बरं वाटतंय ना आता?"

"बरंय दाजी," आवाज आला.

मामा होते. सासूबाईंचे भाऊ. विश्रांतवाडीहून घोड्यांना खरारा करायला येतात आणि परत जायचं विसरतात.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. ताडपत्री वर करून आत डोकावल्या आणि विचारलं, "घोडे थंड करताय की मोदक उकडताय?"

ताडपत्र्या उतरल्या. वारा खेळू लागला, तेव्हा कुठे शेवंतीनं मान वर केली.

* * *

पुढचं संकट पाण्याचं. बोअरच्या पाण्यात इतका क्षार, की फॅनची बारीक भोकं आठवड्यात बुजली. माझा नवरा अनिकेत इंजिनिअर आहे. त्यानं स्वयंपाकघरातला फिल्टर काढला आणि तबेल्यात बसवला. आम्ही पाणी उकळून, गाळून प्यायला लागलो.

क्लासला आलेल्या एका मुलाच्या आईनं पाणी मागितलं. सासूबाईंनी तांब्या-भांडं पुढे केलं. बाई भांड्यात निरखून बघत म्हणाल्या, "फिल्टरचं नाही का? आम्हाला दुसरं चालत नाही."

"आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "तबेल्यात जा आणि फॅनसमोर आ करून उभ्या राहा."

* * *

मे तापला. घरात पंखे गरम हवा फेकत होते, आणि मागे तबेल्यात चक्क महाबळेश्वर!

आधी बाबा गेले. "टेंपरेचर बघून येतो." मग त्यांची खुर्ची गेली. मग तांदूळ निवडायला सासूबाई. "तिथे उजेड चांगला आहे गं." मग लॅपटॉप घेऊन अनिकेत. "नेटवर्क." मामांनी कारण दिलंच नाही. सतरंजी घेऊन गेले.

एका दुपारी मी ऑफिसमधून लवकर आले, तर शेवंती बाहेर कडुलिंबाखाली बांधलेली. सावली केव्हाच सरकून गेली होती. मान खाली, नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. अंगाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं, आणि ठणठणीत कोरडं.

तिला सोडलं आणि तबेल्याच्या दारात आणून उभी केली. आत बाबा फोल्डिंगच्या कॉटवर. मामा सतरंजीवर पसरलेले. अनिकेत मीटिंगमध्ये. सासूबाईंची अख्खी भिशी गोल करून बसलेली, मध्ये कलिंगड.

"अगं, तिला जरा मोकळं वाटावं म्हणून बाहेर बांधलीय," सासूबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं थांब," बाबा डोळे मिटूनच बोलले. "आत्ताच डोळा लागलाय."

मामांनी कूस बदलली. "आम्हालाबी उकडतंय की गं पोरी! बघ, घाम कसा चाललाय!"

शेवंतीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. जड होतं. मी घसा खाकरला. आत कुणी बघितलंही नाही. मग मी फॅनच्या वर आवाज चढवून म्हणाले,

"ज्यांना ज्यांना घाम येतो, त्यांनी बाहेर या!"