कोटांच्या कपाटातला कढीपत्ता

काकांनी कढीपत्त्याची कुंडी माझ्या हातात दिली तेव्हा मी बेकार होतो. बेकार इंजिनिअरच्या हातात कुठलीही जिवंत वस्तू देऊ नये, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

ही दोन हजार नऊच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मॉन्ट्रियलपासून दोन-अडीच तासांवरच्या कनाटा या उपनगरातल्या ज्या टेलिकॉम कंपनीत मी होतो, तिने आमचा अख्खा मजला घरी पाठवला होता. बायको सकाळी आठला ऑफिसला जायची आणि मी घरी बसून रेझ्युमेतली क्रियापदं बदलत राहायचो. काका आमचे नात्याने कुणीच नव्हते. एकोणीसशे सत्तरच्या आसपास इकडे आलेले डॉक्टर, आता निवृत्त. आम्ही नवे होतो तेव्हा पहिले सहा महिने दर रविवारी त्यांच्याकडे जेवलो, म्हणून ते काका आणि त्या काकू. काकू त्याच वर्षी फेब्रुवारीत गेल्या. कुंडीतलं झाड काकूंचं होतं. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पर्समधून, कस्टमवाल्यांची नजर चुकवून आलेल्या बियांतलं ते एकटं जगलेलं रोप.

काका हिवाळाभर पुण्याला भावाकडे जाणार होते. मागे घराचं हीटिंग बारा डिग्रीवर ठेवणार, म्हणजे झाड मेलंच असतं.

“हे जगलं पाहिजे,” ते म्हणाले. “आणि आठवड्यातून एकदा आंबट ताक घाल. ती घालायची.”

एवढं बोलून ते बूट घालायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी हो म्हणालो. त्या क्षणी मी कशालाही हो म्हणालो असतो.

आमचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून होता. खिडकीत ठेवलं तर झाडाला गारठा लागायचा, हीटरजवळ ठेवलं तर पानं वाळायची. आठवड्याभरात जमिनीवर इतकी पानं पडली की बायकोने ती झाडून आमटीत घातली. मग मला कपाट सुचलं. दारातून आत आल्याबरोबर डाव्या हाताला कोट टांगायचं क्लोजेट होतं. कोट निघाले, आत ट्यूबलाइटचं फिक्स्चर टांगलं, भिंतींना चकचकीत फॉइल लावलं आणि कंबरेएवढं झाड मध्ये उभं केलं. आमचे कोट पुढे पाच महिने सोफ्यावर राहिले. त्या दिवसांत पाहुणे आले तर उभेच असायचे.

“आधी नोकरी शोध,” बायको म्हणाली. ती नागपूरची आहे आणि कौतुक करायची तिची हीच पद्धत आहे.

दोन दिवसांत कपाटाची आत भट्टी झाली. दार बंद असलं की पारा पस्तिसावर, आणि उघडं ठेवलं तर झाडाला पुन्हा हॉलमधला कोरडा वारा. म्हणून मी दाराच्या खालच्या भागाला भोक पाडलं आणि तिथे एक पंखा बसवला. बाहेरची हवा आत ढकलायची, गरम हवा वरच्या फटीतून आपोआप निघून जाईल. कागदावर गणित अगदी चोख होतं. पारा पंचविसावर आला. त्या आनंदात मी पहिलं ताक घातलं.

ताकाचं सांगायला हवं. दही मी मुद्दाम चार दिवस बाहेर ठेवलं होतं. काकू म्हणे झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी येईल इतकं आंबवायच्या. आपल्याकडे अंगणात कढीपत्त्याच्या बुंध्याशी असं ताक ओतलं तर वास वाऱ्यावर जातो आणि सगळं कौतुक झाडाच्या वाट्याला येतं. कनाटात वाऱ्यावर जायला वारा म्हणजे माझाच पंखा होता, आणि तो कपाटाच्या आणि मग फ्लॅटच्या दाराच्या प्रत्येक फटीतून ते ताक थेट बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये ढकलत होता.

तिसऱ्या ताकानंतर समोरच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या बाईंनी दार वाजवलं. अतिशय सभ्य बाई. हातात डायपरचं पाकीट होतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की आमच्या बाळाची तब्येत बरी आहे ना. त्यांना सतत ओकारीचा वास येत होता, आणि बाळ रडत कसं नाही याची काळजी वाटत होती. आम्हाला बाळ नव्हतं. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा आणखीच गंभीर झाला.

बाईंच्या पाठोपाठ बिल्डिंगची देखभाल करणारा सुपर आला. मॉन्ट्रियलकडचा, अंगाने दणकट आणि बोलायला तोकडा. त्याच्या मते प्रकरण उघड होतं. घरी बसलेला भाडेकरू, कपाटात सोळा तास दिवा, अखंड पंखा आणि वास, म्हणजे गांजाच. मी दार उघडलं. तो वाकून बघत राहिला, एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं. त्याचा चेहरा पडला. मला वाटतं, त्याला मनातून बरं काहीतरी सापडायला हवं होतं.

“धिस इज फॉर सूप?” त्याने विचारलं.

“फॉर सूप,” मी म्हणालो. आमटीचं एवढंच भाषांतर मला त्या वेळी जमलं.

“ओके. बट स्मेल गोज ऑर प्लँट गोज. वन वीक.”

दुसऱ्या दिवशी मी इंडस्ट्रियल पार्कमधल्या हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे घरात दिव्याखाली झाडं वाढवायच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे पोनीटेल बांधलेला, माझ्याहून मोठा एक माणूस गल्ल्यावर होता. मी कपाटाची मापं सांगितली, वासाचा प्रॉब्लेम सांगितला. त्याने विचारलं, “टोमॅटो?” मी म्हणालो, “नाही, करी लीव्ह्ज.” तो मनापासून हसला आणि म्हणाला, हे नाव त्याने आजवर ऐकलं नव्हतं, तो लक्षात ठेवेल. मी तीन वेळा खुलासा केला. प्रत्येक खुलाशागणिक त्याचा माझ्याबद्दलचा आदर वाढत गेला.

पंखा खाली बसवून हवा आत ढकलतोय हे ऐकल्यावर मात्र तो हसायचा थांबला. “पुल, मॅन. डोंट पुश.” हवा ढकलली की वास जिथे फट दिसेल तिथून बाहेर पडणार. ती वरून ओढून घ्यायची, म्हणजे कपाटात दाब कमी राहतो, फटींतून हवा फक्त आत येते, आणि बाहेर जाणारी सगळी एकाच वाटेने जाते. त्या वाटेवर कार्बन फिल्टर ठेवायचा. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं आणि त्यात मला डिस्टिंक्शन होतं. मी खाली मान घालून फिल्टर घेतला.

पंखा वर गेला, त्याच्यामागे कोळशाने भरलेला फिल्टरचा डबा, खालच्या भोकाला जाळी. तपासणीला देवघरातली उदबत्ती आणली. दाराच्या फटीशी धरली की धूर सरळ आत ओढला जायचा. मी अर्धा तास प्रत्येक फटीला उदबत्ती ओवाळत होतो. बायको ऑफिसमधून आली, तिने पाहिलं आणि कोट सोफ्यावर टाकला.

दोन आठवडे कमाल झाली. ताक घातलं तरी कॉरिडॉर स्वच्छ, समोरच्या बाई स्मित करायला लागल्या. मग एका सकाळी वास परत आला. ओल्या मातीची वाफ सतत फिल्टरमधून जात होती, कोळसा दमट झाला आणि त्याने काम टाकलं. सुपरचा फोन आला. या वेळी त्याने आठवडा दिला नाही, दोन दिवस दिले.

“ताक बंद कर,” बायको म्हणाली. “झाड जगणं महत्त्वाचं ना?”

ती बरोबर बोलत होती. ताक बंद झालं. फिल्टर मी वाळवून परत लावला आणि पोनीटेलवाल्याकडून खताची बाटली आणली, तिच्यावर लालभडक टोमॅटोचं चित्र होतं. पुण्याहून दर रविवारी काकांचा फोन यायचा. “झाड कसं आहे?” मजेत, मी सांगायचो. “ताक घालतोस ना?” घालतो की. पहिल्या वेळी जीभ अडखळली, मग सवय झाली. झाड खरंच मजेत होतं. फेब्रुवारीत तर नव्या फुटव्यांनी दार लागेना.

एप्रिलमध्ये काका आले. आणखी बारीक झाले होते. मी कपाटाचं दार उघडलं आणि त्यांना कमी दाबाचं तत्त्व, फिल्टर, उदबत्तीचा प्रयोग असं सगळं दहा मिनिटं ऐकवलं. पेशंटचं ऐकावं तसं त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग वाकले, मातीत बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

“ताक नाही घातलंस.”

“डिसेंबरपर्यंत घातलं. मग बिल्डिंगमध्ये तक्रार झाली.”

“फोनवर हो म्हणायचास.”

“खोटं बोललो, काका.”

मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो. ते बोट रुमालाला पुसत राहिले.

“ती गेल्यापासून मीही एकदासुद्धा घातलं नाही,” ते म्हणाले. “दर आठवड्याला विरजण लावायचो. ताक चांगलं आंबायचं. पण भांडं उचललं की तो वास यायचा, आणि मी सगळं सिंकमध्ये ओतायचो.”

“मग मला कशाला सांगितलंत?”

“माझ्याच्याने होत नव्हतं. म्हटलं, कुणीतरी घालावं.”

मला इतकी लाज नोकरी गेली तेव्हाही वाटली नव्हती. बायको स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजमधून दह्याचा डबा घेऊन आली. काकांनी तो पाहिला.

“राहू दे,” ते म्हणाले. “गाडीत सांडेल.”

त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली. मी हात लावायला गेलो, तर नको म्हणाले. मी फक्त दार धरलं.