वाकडी चकती

वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रींनी उभा जन्म इंजिनांत घालवला, पण गाडी कधी चालवली नाही. लहानपणी त्यांचा डावा गुडघा आखडला, तो पुन्हा वळलाच नाही. क्लच दाबणार कसा? म्हणून ते बॉनेट उघडून उभे राहत, बोटाने इंजिनाची हवेची झडप हलवत आणि डोळे मिटून ऐकत. इंजिन गुरगुरलं की त्यांचा चेहरा असा उजळे, जणू कुणी मायेनं हाक मारली.

त्यांची धाकटी बहीण दवाखान्याची व्हॅन चालवायची. चालता न येणाऱ्या रुग्णांना आणायचं, घरी सोडायचं. व्हॅन जुनी, चढाला दमायची. मिस्त्रींनी हौसेनं तिला मोठी थ्रॉटल बॉडी बसवली. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचा गळा. धातूची नळी, तिच्यात गोल झडप. पायाने पेडल दाबलं की तार बाहेरची चकती ओढते, चकती झडप उघडते, हवा आत जाते. गळा मोठा तर दम मोठा, यात चुकण्यासारखं काय होतं? जुनीची चकती तर वाकडी, अंड्यासारखी. नवीची कशी छान गोल!

आणि तेव्हापासून व्हॅन उड्या मारू लागली.

"बाई, दवाखान्यात नेताय की आणखी एक हाड मोडताय?" पाठीचं ऑपरेशन झालेले गुरुजी मागच्या खुर्चीवरून ओरडले. तक्रार वर गेली. दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी निक्षून सांगितलं, आठवड्याच्या आत हिसके थांबले नाहीत तर दुसरा ड्रायव्हर बघू.

बहिणीनं व्हॅन शेडमध्ये आणली. मिस्त्रींनी झडपेला बोट लावलं. इंजिन लोण्यासारखं चढलं, लोण्यासारखं उतरलं.

"काही झालेलं नाही. तुझा पाय जड झालाय."

"दादा, हाच पाय मागच्या महिन्यात हलका होता का?"

मिस्त्रींनी प्लग बदलले. टाकी धुतली. क्लच उघडला. इंजिनाखालची रबरं नवी घातली. रोज बोट म्हणे ठीक आहे, रोज बहीण म्हणे उडतेय. मिस्त्री गोंधळून गेले. जेवताना घास हातातच राही. आपलं बोट खोटं बोलतंय, की रक्ताची बहीण?

शेवटी बहीण वैतागली. "चहाचा कप घे आणि बस गुरुजींच्या जागी."

व्हॅन जागची हलली आणि चहा मिस्त्रींच्या सदऱ्यावर आला.

"आता सांग, कुणाचा पाय जड?"

मिस्त्री सदरा पुसू लागले. बहिणीनं विचारलं, "त्या नव्या गळ्याला का हात लावत नाहीस?"

"ते तर सुधारलंय! सुधारलेल्याला कशाला हात लावू?"

"एकदा बघ तरी."

हवेचा पाइप काढून मिस्त्री झडपेवर वाकले. बहिणीनं इंजिन बंद ठेवूनच पेडल हळूच दाबलं. झडप भसकन उघडली. "अगं, हळू!" "हळूच दाबलंय!" मग त्यांनी खिळे ठेवायला घेतलेली जुनी बॉडी रिकामी करून तार तिला जोडली. बहिणीनं तेवढंच दाबलं. वाकडी चकती आधी रेंगाळली. झडपेशी नखाएवढी फट पडली. पाय आणखी खाली गेला तशी ती भराभर वळली.

मिस्त्री आपल्या बोटाकडे बघत राहिले. बोट थेट झडप ढकलायचं. मधली तार, मधली चकती त्याला कधी भेटलीच नव्हती.

जुनी बॉडी बसली. गुरुजींच्या खुर्चीवर पुन्हा चहा घेऊन मिस्त्री बसले. व्हॅन निघाली. चहा कपातच डुलला, कडेपर्यंत आला, मागे गेला.

"उद्या गुरुजींना आणायला जाते," बहीण आरशातून म्हणाली. "समजलं ना आता?"

"हिसका समजला. पण एवढी जास्त हवा... चढावर तरी जोर वाढला होता ना?"

"काडीचाही नाही."

"मग गेली कुठे ती?"

"तुझ्या इंजिनाला विचार. त्याला हवी तेवढीच घेत असेल."

मिस्त्रींना ते पटलं, आणि नाहीही पटलं. परत आल्यावर ते शेडच्या दारात बसले. मोठी बॉडी डोळ्याला लावून झडप थोडी उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. झडप चंद्रकोरीएवढी उघडली तरी समोरचं अख्खं अंगण आत यायचं.