दोधूआप्पांच्या वालावरचे पाहुणे

धानोऱ्याच्या दोधूआप्पा पाटलांनी अठ्ठावीस वर्षं फवारणीची औषधं विकली. शेतकरी किडकं पान घेऊन दुकानात आला की आप्पा पानाऐवजी मागच्या फळीकडे बघत आणि तिथे जी बाटली जास्त उरलेली असेल ती काढून देत. एवढा दांडगा अभ्यास! म्हणूनच जेव्हा दुकान धाकट्या भावाला देऊन ते घरी बसले आणि परसात किड्यांना बोलावू लागले, तेव्हा गावाला वाटलं, आप्पा प्रायश्चित्त घेताहेत.

तसं काही नव्हतं. त्यांना परस वाचवायचं होतं. सुरतेला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, हेमराजने, गाडी घेतली होती, आणि वर्षातून तीनदा येणाऱ्या त्या गाडीसाठी परसात पेव्हर ब्लॉक बसवायचं त्याच्या मनात होतं. आप्पांच्या पत्नी धनुबाई लेकाच्या बाजूने होत्या. दरसाल वालावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक काळी कीड, पडायचा आणि त्याचा चिकटा वाळत घातलेल्या लुगड्यांवर उतरायचा.

“मंग फवारा ना!” त्या म्हणाल्या. “जलमभर लोकेसले तेच सांगं ना?”

पण घरच्या वालावर आप्पांनी कधी थेंब उडवला नव्हता. विकायची बाटली वेगळी आणि खायचा वाल वेगळा, हे तत्त्व ते दुकानातही कसोशीने पाळत. फक्त बोलून दाखवत नसत.

संक्रांतीला ठरलं. होळीपर्यंत फवारणीशिवाय वाल स्वच्छ राहिला तर परस आप्पांचं. नाही तर मिस्तरी.

आप्पांनी कुठल्याशा मेळाव्यातलं माहितीपत्रक शोधून काढलं. अशा कागदांत ते दुकानात भुकटीच्या पुड्या बांधत. आता प्रथमच त्यांनी तसला कागद चष्मा लावून वाचला. कोथिंबीर, बडीशेप फुलू द्यावी, फुलांवर मित्रकीटक येतात, ते मावा खातात, असं लिहिलं होतं. शेजारी लाल, ठिपक्यांच्या भुंग्याचं देखणं चित्र होतं. दुसरं पान कुणाच्या तरी पुडीबरोबर शेतात गेलेलं होतं. आप्पांना पहिलं पान पुरलं.

त्या दिवसापासून कोथिंबिरीला हात लावायची घरात बंदी झाली. वरणावर घालायला धनुबाई बाजारातून जुडी आणू लागल्या.

“घरनी कोथमीर किडासले, आनि आपले बाजारनी! वा हेमराजना बाप, वा!”

कोथिंबीर पांढरी फुलली आणि खरंच लाल भुंगे आले. आप्पा खुर्ची टाकून त्यांच्यासमोर बसू लागले. सख्ख्या व्याह्यांचं त्यांनी कधी इतकं अगत्य केलं नव्हतं.

मग एके सकाळी वालाच्या शेंड्यावर एक काटेरी, काळी अळी दिसली. पाठीवर नारिंगी ठिपके, चाल मगरीची. जवळ आणखी पाच-सात. एवढ्या कुरूप प्राण्याची पारख करायला आप्पांना माहितीपत्रक लागलं नाही. चपटा दगड घेऊन त्यांनी ती जमात चिरडायला सुरुवात केली. आठवडाभर हाच नेम चालला. आश्चर्य असं, की मावा वाढतच गेला.

होळीला दहा दिवस उरले. शेवटी आप्पांनी माळ्यावरून जुनी बाटली काढली, पंप खांद्याला लावला आणि तत्त्वाकडे पाठ करून वालापाशी उभे राहिले. तेवढ्यात ताक न्यायला रेवाबाई आल्या. लोकांच्या शेतांतलं तण निंदण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दगडावरचा चेंदामेंदा बघून त्या थबकल्या.

“आप्पा, हाई काय करी ऱ्हायनात?”

“किडा मारी ऱ्हायनू.”

“अवो, ह्या तं त्या लाल भुंगाना पोरे शेतस! माव्हा ह्याच जास्त खातस. पाव्हनासले बलावतस आनि त्यासना पोरेसले मारतस?”

आप्पांनी शेंड्यावर उरलेली एक अळी निरखून पाहिली. ती एकेक मावा शांतपणे फस्त करत होती. त्यांनी पंप खाली ठेवला. रेवाबाईंना त्या दिवशी ताकाबरोबर लोण्याचा गोळाही मिळाला.

पुढचे दहा दिवस आप्पा वालाकडे हात मागे बांधून जात.

होळीला हेमराज मिस्तरीला घेऊनच परसात आला. पुढच्या वेलांवर अळ्या फिरत होत्या आणि शेंगा स्वच्छ लोंबत होत्या. कुंपणाकडचे दोन वेल मात्र अजून काळे होते. आप्पा नेमके त्यांच्यापुढे धोतर पसरून उभे होते.

“आप्पा, माव्हा शे ना आखो?”

वाऱ्याला, हवामानाला, शेजाऱ्याच्या कपाशीला दोष देता आला असता. गिऱ्हाइकांना त्यांनी तेच सांगितलं होतं. आप्पा बाजूला झाले.

“शे. माव्हा खानारा किडा मीच मारात. मन्ही चूक शे.”

मिस्तरीने टेप उघडली. धनुबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“चाळीस सालमा ह्या माणूसना तोंडमाईन पहिल्यांदा ‘मन्ही चूक’ निंघनं. हेमराज, मिस्तरीले चहा पाज आनि वाटे लाव. तुन्ही गाडी ऱ्हाऊ दे दारसमोर. आखो एक साल देखूत.”

“मी सांगंच व्हतं,” आप्पा म्हणाले.

“काय सांगं व्हतं?” धनुबाई वळल्या.

आप्पा घाईघाईने वालाच्या पानांत डोकं घालून अळ्या बघू लागले.