मास्तरांना दिलेली मोटर

“सरी, श्वास सोडा. पोट आत ओढून मला फसवाल, पँटला कसं फसवणार?” माप घेताना मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकवत. शिंप्यासमोर उभं राहिलं की पोट आपोआप आत जातं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मास्तर कमरेला टेप लावून गिऱ्हाइकाचा दम संपेपर्यंत शांत उभे राहत आणि मग खरा आकडा चारचौघांत मोठ्याने वाचत.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत माझी बँकेतून बेंगळुरूला बदली झाली होती. बसवनगुडीतल्या त्यांच्या दुकानात मला तिथलं पहिलं मराठी ऐकू आलं. घराण्याला इथे येऊन पाच पिढ्या झालेल्या, त्यामुळे ते मराठी निम्मं कानडीत भिजलेलं होतं, ‘बरं’ला ते ‘सरी’च म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्या मागच्या खोलीत काज-बटणं करायच्या आणि मास्तर दिवसभर पायमशीन चालवायचे.

एका सकाळी मास्तर एकाच पायात चप्पल घालून दुकानात आले. दुसरी रस्त्यात कुठेतरी निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. अक्कांशी भांडून निघाला असाल, असं मीच म्हणालो. सगळे हसले, तेही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. पंधरा दिवसांत त्यांची शिलाई वाकडी यायला लागली. उजवा पाय पॅडलवर आहे की जमिनीवर, हे त्यांना वाकून बघितल्याशिवाय कळेना.

पाठीच्या कण्यात, थेट मज्जारज्जूतच गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जेवढी निघाली तेवढी काढली, बाकीची दोऱ्यात दोरा गुंतावा तशी गुंतली होती, ओढली असती तर सगळंच उसवलं असतं, असं मास्तरांनीच मला समजावलं. पुढे दीड महिना रेडिएशन चाललं. त्याला ते ‘पाठीची इस्त्री’ म्हणायचे. त्यासाठी पाठीवर काढलेल्या शाईच्या रेघा त्यांनी अक्कांना आरसा धरायला लावून बघितल्या आणि मार्किंग बरं आहे म्हणाले, पण खडू वापरायला हवा होता. डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, मशीनवर कधी बसता येईल. डॉक्टर बघू म्हणाले. घरी आले तेव्हा दोन्ही पाय गेले होते.

आम्ही गिऱ्हाइकांनी मिळून त्यांच्या मशीनला विजेची मोटर बसवून द्यायचं ठरवलं. मोठ्या उत्साहाने मिस्त्री आणला, हारही आणला. मोटर बसली, मिस्त्रीने वायर खाली सोडली आणि तिच्या टोकाचं पॅडल मास्तरांच्या पायाशी ठेवलं. मोटरही पायानेच चालते, हे आम्हा शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कुणाला कुठे बघावं कळेना.

“राहू द्या,” मास्तर म्हणाले, “चांगली आहे मोटर.”

दुसऱ्या दिवशी अक्का टेबलाखाली बसल्या. वरून मास्तर ‘हं’ म्हणाले की त्या हाताने पॅडल दाबायच्या, ‘साकु’ म्हणाले की सोडायच्या. साकु म्हणजे पुरे. गिऱ्हाइकांना आधी विचित्र वाटायचं, मग सवय झाली. पाच-सहा महिने दोघांनी असे कपडे शिवले. मास्तर बरे होतायत, असंही आम्ही बोलायला लागलो होतो.

मग एका दुपारी मी समोर बसलो होतो. मास्तर माझ्याच शर्टची बाही शिवत होते. ‘हं’ म्हणाले, मशीन चाललं आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पसरत गेला. सुई त्यांच्या बोटातून गेली होती आणि ते पुढची शिवण बघत होते. मी ओरडलो, “मास्तर, बोट!” त्यांनी बोटाकडे पाहिलं. अक्का टेबलाखालून विचारत होत्या, “दुखलं का हो? फार दुखलं का?”

मास्तरांनी ते बोट दुसऱ्या हाताने दाबून पाहिलं. मग म्हणाले, “नाही.”

एखाद्या माणसाला दुखावं, असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं. अक्का खालून लवकर बाहेर आल्या नाहीत.

गाठ वर मानेपर्यंत वाढली होती आणि आता पुन्हा कापण्यात अर्थ नव्हता. दुकान बंद झालं. मी रविवारी त्यांच्या घरी जायचो, बसायचो. धीर देईल असं खोटंही मला सुचत नसे. ते खाटेवर छताकडे बघत पडलेले असायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी, अक्का औषध आणायला गेल्या असताना, मास्तरांनी मला जवळ बोलावलं.

“जरा बघून सांगा, माझे हात पांघरुणात आहेत की बाहेर?”

“बाहेर आहेत.”

“मग आत ठेवा. थंडी आहे.”

मी ते दोन्ही हात उचलून आत ठेवले. गार पडले होते. ठेवले का, असं त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ती खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती.