कट्ट्याच्या लग्नातला शूटिंगवाला

आमच्या कट्टा गावात जेमतेम चार घरांत टीव्ही होते तेव्हाची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात कट्ट्याला पहिल्यांदा व्हिडिओ शूटिंग झालं. वेंगुर्ल्याहून आलेल्या त्या माणसाचं नाव कोणीच विचारलं नाही. सगळे त्याला 'शूटिंगवालो' म्हणत. एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्यावर रेकॉर्डरचा पट्टा आणि एक डोळा कायम मिटलेला. तो कोणाला 'हसा' म्हणायचा नाही. मध्ये आलेल्याला फक्त हनुवटीने बाजूला व्हायची खूण करायचा.

पंगतीत तो माझ्या शेजारी बसला. मी सहज विचारलं, "इतकी लग्ना बघतास, कंटाळो येणा नाय?"

"बघतंय खंय?" भाताला आळं करत तो म्हणाला. "माझ्या बहिणीच्या लग्नाचा शूटिंग पण मीच केलंय. जाताना ती माझ्या पाया पडाक इली, तेव्हा दोनय हात कॅमेऱ्यात. आशीर्वादाक हात उचलूक गावलो नाय. कॅसेटीत बघलात तर ती कॅमेऱ्याच्याच पाया पडता."

एवढं बोलून त्याने वाढप्याकडे आमटी मागितली.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी बहीण माझ्यासमोर वाकली आणि तोंडावरचा कॅमेऱ्याचा प्रखर दिवा एकदम विझला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ काढलाच नाही. मान वर केली तेव्हा तो कॅमेरा खाली धरून, आमच्याकडे पाठ करून उभा होता.

पुढे कॅसेट आल्यावर घरचे कुरकुरले, भावाचा निरोप नेमका राहिला म्हणून.

"लाईट गेली असेल," मी म्हटलं.