व्यंकटच्या भिंतीतलं मोहोळ

निर्णा गावची ईरम्मा भिंतीतली मोहोळं काढते. माश्या मारत नाही, पेटीत घालून आपल्या शेतात नेते. वय पन्नाशीचं. दीडशे घरांतली मोहोळं काढली असं लोक सांगतात. मी एकच पाहिलं.

भालकीत व्यंकटच्या खिडकीवर, भिंतीच्या आत माश्या बसल्या होत्या. ती भिंत तीस वर्षांपूर्वी मीच बांधली. लिंटेलवर पोकळी राहिली होती; गिलावा मारून मी ती झाकली. आता दुसऱ्या दिवशी घरात नातीचं बारसं. व्यंकटनं फवारणीचा पंप भरून ठेवला. दिवस मावळेपर्यंत माश्या निघाल्या नाहीत तर औषध मारणार, असं त्यानं ईरम्माला बजावलं.

फोडायला मला बोलावलं. तिनं भिंतीला कान लावून खूण केली. चार विटा, पाचवी काढू दिली नाही. निघालेला राडारोडा हलवू नका, म्हणाली. गोवरीचा धूर दिला, तोही बेतानं. मग एकेक पोळं कापून लाकडी चौकटीत केळीच्या सोपटानं बांधलं. सात पोळी, अडीच तास, शिडीवर, उघड्या हातांनी.

पेटी खिडकीत ठेवली. माश्या आत जाईनात. ऊन उतरलं. व्यंकटनं पंप खांद्याला लावला.

"कामून थांबलाव, अक्का? पोळी तर सगळी काढलाव की."

"राणी पेटीत न्हाई." ती माझ्याकडं वळली. "अण्णा, राडारोडा कुठं टाकलाव?"

पायात कचरा मला चालत नाही. दोन घमेली मी गल्लीत ओतून आलो होतो. तसं सांगितलं.

ती रागावली नाही. ढिगाऱ्यापाशी बसली आणि खडा खडा उचलून बाजूला ठेवू लागली. मी खोरं पुढं केलं, तिनं मान हलवली. मीही बसलो.

"बारशाचे तांदूळ निवडायलाव का दोघं?" व्यंकट म्हणाला.

पाऊण तास गेला. एका विटेच्या तुकड्याखाली मूठभर माश्या गोळा होऊन बसल्या होत्या. फोडताना राणी खाली पडली होती, ती त्यांच्यात. ईरम्मानं तुकडा तसाच ओंजळीत धरून नेला आणि पेटीत हलकेच झटकला.

थोड्या वेळानं पेटीच्या तोंडाशी माश्या बूड वर करून पंख हलवू लागल्या. भिंतीवरच्या माश्या रांगेनं आत शिरल्या. व्यंकटनं पंप खाली ठेवला.

दिवेलागणीला तिनं पेटीचं तोंड गवतानं बंद केलं. जाताना पोकळी दाखवून म्हणाली, "ही भरा, अण्णा. न्हाईतर पुढल्या साली दुसऱ्या येतेत."

मी लगेच माल कालवला, विटांचे तुकडे ठासून भरले. तीस वर्षांपूर्वी हे अर्ध्या तासाचं काम होतं.