हवाशेठांचा मुक्काम

हवाशेठांना हे नाव गिऱ्हाइकांनी दिलं होतं. धक्क्यासमोरच्या रस्त्यावर त्यांचं दुमजली हॉटेल होतं आणि तिथल्या कुठल्याही तक्रारीला शेठांकडे एकच उत्तर असायचं. गादी ओलसर लागते? समुद्राची हवा. खिडकी उघडत नाही? समुद्राची हवा, लाकूड फुगतं. उशीला वास येतो? अहो, हीच हवा खायला लोक लांबून येतात! म्हातारपणी हे सगळं ते स्वतःच रंगवून सांगायचे आणि वर म्हणायचे, "लोकांना वाटायचं हवा समुद्राची आहे. खरी हवा माझ्या डोक्यात होती."

बंदर साहेबांच्या अमलाखालचं. आगबोटी त्यांच्या, कस्टमची कचेरी त्यांची, टेकडीवरचं पांढरंशुभ्र हॉटेलही त्यांचंच. शेठांकडे उतरत ते कातड्याचे, काचसामानाचे, खिळेमोळ्यांचे व्यापारी. पण पाटीवर हॉटेलच्या नावाखाली त्यांनी रंगाऱ्याकडून ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'साहेब लोकांच्या पसंतीचे'. प्रत्यक्षात त्यांची पायरी आजवर एकाच साहेबाने चढली होती आणि तीही टेकडीवरच्या हॉटेलचा रस्ता विचारायला. शेठांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. साहेबाने तिच्यावर पाय ठेवला, बुटाची नाडी बांधली आणि तो निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या खुर्चीवर शेठांनी कुणाला बसू दिलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, दुसरं हॉटेल होतं. ते त्यांच्या मेहुण्यांचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचं. शेठ हा धंदा शिकले ते तिथेच. लग्नानंतर काही वर्षं ते मेहुण्यांकडे व्यवस्थापक होते. मग एक दिवस काहीतरी बिनसलं, शेठ तडक उठले आणि त्यांनी समोरच दुकान थाटलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. बोलायचंच झालं तर मध्ये शेठांची बायको. सकाळी ती रस्ता ओलांडून भावाचा निरोप आणायची, दुपारी नवऱ्याचा घेऊन जायची. निरोप मुळात शिवराळ असत, रस्ता ओलांडेपर्यंत ती ते धुऊन स्वच्छ करायची. तिची वहिनी आणि ती मात्र मागच्या गल्लीत रोज भेटत आणि आपापल्या नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडत.

एकदा शेठांनी माडीवर एक भलामोठा कंदील टांगला. त्याचा उजेड थेट मेहुण्यांच्या पाहुण्यांच्या तोंडावर पडायला लागला. या वेळी निरोप पाठवून भागणार नाही असं ठरवून मेहुणे सकाळीच स्वतः रस्ता ओलांडून आले. आदल्या दिवशीच्या आगबोटीने पाहुणे गेले होते, स्वयंपाकी बाजारात गेला होता. हॉटेलात उरले होते शेठ आणि वरच्या चार नंबरच्या खोलीत तापाने फणफणलेला शिलाई मशीनचा एजंट.

"जावईबापू, तो दीपस्तंभ खाली घ्या," मेहुणे दारातूनच गरजले. "एखादी आगबोट येऊन आदळेल माझ्या घरावर."

"आदळली तर बरंच," शेठ म्हणाले. "तेवढेच चार पाहुणे दिसतील तुमच्याकडे."

हे असं चालू असतानाच बंदराचे डॉक्टरसाहेब दोन शिपायांना घेऊन आले. एजंटाला पाहायला शेठांनीच त्यांना बोलावलं होतं. अर्थात आजाऱ्याच्या काळजीपेक्षा पायरीवर साहेब दिसावा हा हेतू मोठा होता. डॉक्टर वर गेले आणि उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"अंगावर पुरळ आहे. देवीची शंका आहे. नक्की कळेपर्यंत इथलं कुणी बाहेर जाणार नाही आणि बाहेरचं कुणी आत येणार नाही."

"साहेब, मी इथला नाही!" मेहुणे ओरडले. "मी समोरचा! मी फक्त भांडायला आलोय!"

"भांडा," डॉक्टर म्हणाले. "आता भरपूर वेळ आहे."

शिपायांनी दाराला बाहेरून आडणा घातला आणि पायरीवर बैठक मारली.

पहिला पेच पोटाचा. आयुष्यभर हजारो लोकांना जेवू घातलेले दोन हॉटेलवाले चुलीपुढे उभे राहिले आणि चूल पेटवायची कशी यावरून त्यांची जुंपली. धूर इतका झाला की आग लागली समजून शिपायाने दार ठोठावलं. शेवटी बायको रस्त्यात येऊन उभी राहिली आणि तिने वर पाहून हाक मारली.

"अहो! खिडकीतून दोरी सोडा. टोपलीत डबा ठेवते."

"दादाला आधी दे गं," मेहुणे खिडकीत डोकं घालत म्हणाले.

"दादा, दोघांचा एकच डबा आहे. वाटून घ्या. आणि आजारी माणसाची पेज वेगळी ठेवलीय, तिला हात लावू नका."

दुसरा पेच झोपेचा. शेठांचं घर हॉटेलच्या मागे होतं, त्यामुळे इतक्या वर्षांत ते स्वतःच्या हॉटेलात एकदाही झोपले नव्हते. त्यांनी पाच नंबरची खोली घेतली. गादीच्या मधोमध असा खड्डा होता की कूस बदलायची म्हणजे टेकाड चढायचं. मच्छरदाणीला भोकं इतकी की डास आत यायचे आणि बाहेरचा रस्ता विसरायचे. खिडकी काही केल्या उघडेना. सकाळी ते कमरेत वाकून बाहेर आले, तर मेहुणे सहा नंबरच्या दारात तसेच वाकून उभे.

"अंग धरलंय," शेठ कण्हले.

"समुद्राची हवा," मेहुणे गंभीरपणे म्हणाले.

शेठांना राग यायला हवा होता. पण आधी हसू आलं आणि हसताना कमरेतून अशी कळ गेली की ते तिथेच जमिनीवर बसले.

दिवसभर दोघांना काम एकच, खिडकीतून समोरचं हॉटेल बघणं. आणि समोर जे चाललं होतं ते बघून दोघे खिडकी सोडायला तयार नव्हते. नणंद-भावजयींनी पदर खोचून ते हॉटेल ताब्यात घेतलं होतं. दोन्हीकडचे स्वयंपाकी एका चुलीवर आणले होते. नवीन आगबोट लागली तसे व्यापारी आले आणि वहिनींनी त्यांना ओसरीवर टेबलं मांडून दिली. कुणी त्यावर कातड्याचे नमुने पसरले, कुणी काचेचे पेले, कुणी कुलपं. बघता बघता गावातले दुकानदार जमले. माल हाताळला जाऊ लागला, चहा फिरू लागला, ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"हे काय चालवलंय?" मेहुण्यांनी खिडकीतून बायकोला हाक दिली. "हॉटेल आहे ते, बाजार नव्हे!"

वहिनींनी वर पाहिलं. "गिऱ्हाइकं आहेत, ओरडू नका. त्यांना वाटतं वर वेडे ठेवलेत."

डबा वर ओढता ओढता शेठांना काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर खाली शिडीवर रंगारी. 'साहेब लोकांच्या पसंतीचे' मधले साहेब केव्हाच गेले होते आणि लोकही निम्मे पुसले होते.

"अगं, पाटी! माझी पाटी!"

"व्यापाऱ्यांनीच सांगितलं," बायको खालून म्हणाली. "इतकी वर्षं त्यांच्यातले कितीतरी जण ही पाटी वाचून परत फिरत होते. त्यांना वाटायचं इथे आपल्याला आत घेणार नाहीत."

शेठ खिडकीपासून मागे सरले. इतकी वर्षं आपण पदरचे पैसे देऊन, ठसठशीत अक्षरांत, गिऱ्हाइकांना हाकलत होतो. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांच्या वाटणीचं मेहुण्यांनी खाल्लं, पण चकार शब्द न काढता खाल्लं. मेहुण्यांच्या मानाने ही फार मोठी माया होती.

एजंटाचा ताप उतरला. डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं की देवी नव्हेत, साध्या कांजिण्या आहेत. एजंट बरा झाला, त्याला सोडून दिलं आणि तो बॅग उचलून सरळ समोरच्या हॉटेलात राहायला गेला. मेहुणे चपला घालून दारात उभे होते. तेवढ्यात डॉक्टरांचं लक्ष शेठांच्या मानेकडे गेलं.

"हे काय?"

"डास," शेठ म्हणाले.

"सदरा काढा."

सदरा निघाला आणि डॉक्टरांना हसू आवरेना. "लहानपणी झाल्या नाहीत वाटतं? या वयात!"

मेहुण्यांनी चपला काढून ठेवल्या.

"तुम्ही जाऊ शकता," डॉक्टर त्यांना म्हणाले. "कपाळावर जुने वण आहेत, तुम्हाला होऊन गेल्यात."

मेहुणे दाराकडे गेले. मग म्हणाले, "याला चूल पेटवता येत नाही, साहेब." आणि परत फिरले.

मेहुणे राहिले. एरवी ज्यांचा आवाज धक्क्यापर्यंत जायचा, ते शेठांच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने पाठ टिपू लागले. शेठांचा हात खाजवायला गेला की चापट मारायचे. बहीण लहान असताना तिची कांजिण्यांची उस्तवार त्यांनीच केली होती, कारण आई तेव्हा पुढच्या बाळंतपणात होती. शेठांना हे माहीतच नव्हतं.

एका दुपारी शेठ भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी हसलात."

"कुठल्या दिवशी?"

"तो कापडवाला आला होता. त्याने मला मालक म्हणून हाक मारली. आणि तुम्ही सगळ्यांदेखत खो खो हसलात. मी त्याच आठवड्यात बाहेर पडलो."

मेहुण्यांचा हात थांबला.

"त्याने तुम्हाला मालक म्हटलं ते मी ऐकलंच नाही हो," ते म्हणाले. "त्याच्या जरा आधी तो दारात मला भेटला होता. मला हमाल समजून माझ्या डोक्यावर ट्रंक दिली होती त्याने. मी ती वर पोहोचवली आणि त्याने मला वर बक्षिसीही दिली. मी माझ्या थोबाडाला हसत होतो."

शेठांनी वळून पाहिलं. ठिपक्याठिपक्यांचा, सुजलेला तो चेहरा पाहून मेहुण्यांना पुन्हा हसू फुटलं. या वेळी मात्र ते शेठांनाच हसत होते आणि शेठांना ते चाललं. फक्त हसण्याने खाज वाढत होती.

आडणा निघाला तेव्हा दोघे धनी आपापली गादी सांभाळायला निघाले आणि दोघांनाही ओसरीवर बसवून घेण्यात आलं.

"तुमच्या हॉटेलात झोपायची सोय, आमच्याकडे जेवणाची आणि नमुन्यांची," वहिनींनी सांगितलं. "ठरलंय सगळं."

"कुणी ठरवलं?" शेठांनी विचारलं.

"आम्ही," बायको म्हणाली. "आणि आधी गाद्या बदलायच्या. पाच नंबरपासून."

"आणि आम्ही काय करायचं?" मेहुणे म्हणाले.

नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्या एकाच गोष्टीचा विचार करायचा राहून गेला होता.

शेवटी दोघांना धक्क्यावर पाठवण्यात आलं, उतारूंना हाका मारून आणायला. आवाज दोघांचेही दणदणीत होते, तेवढं भांडवल पुरेसं होतं. पण सवयीचं काय करणार? आगबोट लागली की दोघांचं भान सुटायचं. शेठ एखाद्या उतारूची ट्रंक इकडून धरायचे, मेहुणे तिकडून.

"माझ्याबरोबर चला, झोपायला स्वच्छ गादी!"

"त्याचं ऐकू नका, माझ्याबरोबर चला, जेवण गरम!"

बिचारा उतारू मधल्या मध्ये ओढला जायचा, घाबरून कस्टमच्या शिपायाला हाका मारायचा. मग दोघांच्या ध्यानात यायचं की नेणार एकाच ठिकाणी आहेत. तरी ट्रंक आधी कोण सोडणार, हा प्रश्न उरायचाच. शेठ सांगायचे की बायकोने धक्क्यावर येऊन "सोडा दोघेही" असं म्हणेपर्यंत त्यांनी कधी एकही ट्रंक सोडली नाही आणि मेहुण्यांनीही नाही. एका चिनीमातीच्या व्यापाऱ्याची नमुन्यांची पेटी तर त्या ओढाताणीत धक्क्यावरच फुटली. त्याला मात्र दोघांनी मिळून, अगदी एका आवाजात, सांगितलं की पेटीच मुळात कच्ची होती.